कार्यकारणाचा शोध आणि आपले तरुण

(पालघर येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही विद्वान नव्हे. बोईसरच्या एका शाळेत गणित शिकविण्यात आमचा जन्म गेला, आणि आपल्या ज्ञातीच्या शिक्षण-निधीचे अर्ज तपासण्यात उरलेला वेळ गेला. परंतु यंदाच्या सत्कारमूर्तींची यादी पाहिली आणि आमचा नकार आम्हीच मागे घेतला. या यादीतील एका नावाविषयी आम्हांस बोलायचे आहे, आणि त्या निमित्ताने आमच्या हातून वर्षानुवर्षे घडत आलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

यादीत डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, सनदी लेखापाल आहेत. त्यांचे काम काय, हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु एका कन्येच्या नावापुढे ‘संशोधक, संख्याशास्त्र विभाग’ एवढेच शब्द छापले आहेत. एम.एस्सी. झाल्यावर तिला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कायमची नोकरी लागली होती. ती सोडून तिने विद्यापीठात संशोधनाचे पद पत्करले. वेतन पूर्वीपेक्षा कमी, मुदत ठरावीक वर्षांची, आणि विषय असा की त्याचे नावही घरच्यांस धड सांगता येत नाही. ‘हातची नोकरी सोडून आकडे मोजायला कोण जाते?’ असे आपल्यापैकी अनेकांनी म्हटले. तिच्या वडिलांची समजूत घालण्यास जी मंडळी गेली, त्यांत आम्हीही होतो. आम्ही समजूत घालण्यास गेलो आणि आमचीच समजूत पटून परत आलो.

तेथे काय घडले ते सांगतो. बोलता बोलता आम्ही आमच्या निधीची थोरवी गाऊ लागलो. आपल्या वार्षिक अहवालात दरवर्षी एक वाक्य असते: ‘निधीची शिष्यवृत्ती लाभलेले बहुतेक सर्व विद्यार्थी पदवीधर होऊन मार्गी लागले आहेत, हे निधीच्या कार्याचे फळ होय.’ हे वाक्य आमचे आहे. ते आम्हीच लिहीत आलो. ते आम्ही तिला अभिमानाने ऐकविले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही, त्यांचे पुढे काय झाले?”

आम्ही निरुत्तर झालो. नामंजूर झालेले अर्ज आम्ही दरवर्षी रद्दीत घालीत होतो. ती मुले पुढे शिकली की शिक्षण सोडून कामाला लागली, याची एक ओळही आमच्या दप्तरी नाही. निघण्याच्या वेळी तिच्या आईने सहज सांगितले की, बारावीनंतर तिचाही अर्ज आला होता आणि तो दोन गुणांनी नामंजूर झाला होता. मुलीने ते तोंडातून काढले नव्हते.

सद्गृहस्थहो, तिने जो विषय पत्करला आहे, तो त्या एका प्रश्नात सामावलेला आहे. त्यास कार्यकारण-अनुमान असे नाव आहे. नाव नवे वाटले तरी वस्तू आपणांस परकी नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपल्या आजीबाई सांगत आल्या. पंडितांनी त्यासच काकतालीय न्याय म्हटले. एका गोष्टीमागून दुसरी घडली, म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असे ठरत नाही. आपल्या नैयायिकांनी याची कसोटीही सांगून ठेवली आहे: जेथे कारण असेल तेथे कार्य असावे, हा अन्वय, आणि जेथे कारण नसेल तेथे कार्य नसावे, हा व्यतिरेक. आमच्या अहवालात अन्वय होता. व्यतिरेक आम्ही रद्दीवाल्यास विकून टाकला होता.

आता पाहा. शिष्यवृत्ती आम्ही कोणास देत होतो? ज्यांचे गुण अधिक, त्यांना. मग ती मुले शिष्यवृत्तीमुळे पदवीधर झाली, की हुशार होती म्हणून शिष्यवृत्तीही मिळाली आणि पदवीही मिळाली? आणखी एक गोष्ट घ्या. २०१३ च्या एप्रिल महिन्यात मुंबईची लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली. त्यापूर्वी पालघर-बोईसरच्या मुलास मुंबईच्या कॉलेजात जाऊन त्याच दिवशी घरी परतणे किती जिकिरीचे होते, हे येथील प्रत्येक जण जाणतो. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून आपला पालघर जिल्हा वेगळा झाला. याच वर्षांत आमचे पदवीधर वाढले असतील, तर श्रेय निधीचे किती आणि आगगाडीचे किती? आम्ही ते सारे आपल्या पदरात घालून घेतले.

ती मुलगी म्हणाली की, याचे उत्तर मिळण्यातली मुख्य अडचण अशी आहे की एकच विद्यार्थी शिष्यवृत्ती घेऊन आणि न घेता, अशी दोन आयुष्ये जगू शकत नाही. ही अडचण शेतकऱ्यास केव्हाच कळली होती. एकाच तुकड्यात, एकाच हंगामात, दोन वाणांचे बी पेरून दोन्हींचे पीक पाहता येत नाही. येर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९२३ साली पोलिश भाषेत लिहिलेल्या आपल्या प्रबंधात हीच शेतीची अडचण गणितात मांडली. प्रत्येक तुकड्यास प्रत्येक वाणाचे एक संभाव्य उत्पन्न आहे असे मानावयाचे. त्यांतले एकच डोळ्यांना दिसते, उरलेली दिसत नाहीत. आणि तरीही अनेक तुकड्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली, तर वाणावाणांतील सरासरी फरक काढता येतो. आजचे कार्यकारणाचे शास्त्र याच विचारातून वाढले आहे.

याच नेमनसाहेबांच्या हाताखाली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेला एक मराठी विद्यार्थी होता, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते गृहस्थ. १९३६ साली त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. परत येऊन त्यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतात प्रत्यक्ष कापणी करून पाहण्याची पद्धत देशभर घालून दिली, आणि १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुणे विद्यापीठात १९५३ साली संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला तो कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली. तेव्हा हा विषय मराठी माणसाच्या अंगणाबाहेरचा आहे, असे कोणी समजू नये.

या शास्त्राचा उपयोग काय, असे विचारणारांसाठी आम्ही आपल्याच राज्यातील दोन-तीन उदाहरणे देतो.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले. हाफकिन यांनी लस तयार केली, १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता तेथील जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांस टोचली. टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण कमी राहिले. येथे शंका घेता येईल की, पुढे येणारे कैदी मुळातच धट्टेकट्टे असतील. ती शंका योग्यच आहे. परंतु अन्न, पाणी आणि छप्पर सर्वांस एकच होते, म्हणून त्या तुलनेस वजन आले. बाहेरच्या शहरात श्रीमंतांनी लस टोचून घेतली असती आणि चाळीतल्या गरिबांनी टोचली नसती, तर फरक लशीचा की चाळीचा, हे सांगणे कठीण झाले असते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना शिकवून तयार केले आणि त्यांच्यामार्फत घरच्या घरी नवजात बालकांची देखभाल सुरू केली. हे काम ३९ गावांत झाले. परंतु त्याच वेळी ज्या ४७ गावांत ते नव्हते, तेथीलही जन्म-मृत्यू तितक्याच काळजीने मोजले गेले. ३९ गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत २६ च्या घरात आला. दुसऱ्या ४७ गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. ही ४७ गावे मोजली नसती, तर ‘काळच सुधारला, बालमृत्यू आपोआप कमी झाले’ असे म्हणावयास कोणीही मोकळा होता. १९९९ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या आरोग्य-धोरणात त्यास स्थान मिळाले. न मिळालेल्यांची नोंद ठेवण्याचे हे फळ आहे.

तिसरे उदाहरण शाळेचे, म्हणून आमच्या जिव्हाळ्याचे. मुंबईच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना शिकविण्यासाठी ‘बालसखी’ नेमण्याचा उपक्रम होता. तो खरोखर उपयोगी आहे काय, हे या शतकाच्या आरंभी तपासावयाचे ठरले. कोणासही विन्मुख न पाठविता हे कसे साधावे? तेव्हा काही शाळांत तिसरीला आणि काही शाळांत चौथीला बालसखी द्यावी, आणि कोणत्या शाळेत कोणती इयत्ता, हे चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने ठरवावे, अशी योजना केली. प्रत्येक शाळेस लाभ मिळाला आणि तुलनाही साधली. मुलांची प्रगती झाल्याचे दिसून आले. हे काम करणारांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना, मायकेल क्रेमर यांच्यासह, अशाच पद्धतीच्या कार्याबद्दल २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांच्या मातोश्री निर्मलाबाई या माहेरच्या पाटणकर, हेही जाता जाता सांगतो.

आता आपल्या दारातील गोष्टीकडे वळू. येथे चिठ्ठ्या टाकून काम भागत नाही, आणि म्हणूनच येथे या शास्त्राची खरी परीक्षा आहे.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ च्या ऑक्टोबरपासून वीज देऊ लागले. देशातील ते पहिले. त्यानंतर शेजारी औद्योगिक वसाहत आली. रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आले. आपल्या बैठकीत कोणी म्हणतो, केंद्र आले तेव्हापासून आजार वाढले. दुसरा म्हणतो, केंद्रातले कामगार तर ठणठणीत आहेत, मग आजार कोठून येणार? दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत, आणि दोघांचाही तर्क कच्चा आहे. पहिल्याने हे पाहिले नाही की, त्याच काळात कारखाने आले, वाहने वाढली, बाहेरून लोक आले, माणसे अधिक वर्षे जगू लागली, आणि ज्या दुखण्याचे नावही पूर्वी कळत नसे ते डॉक्टर ओळखू लागले. दुसऱ्याने हे पाहिले नाही की, नोकरीत घेतानाच प्रकृती तपासून घेतात. तेव्हा कामगार गावकऱ्यांपेक्षा निरोगी असणे हे आरंभापासूनच ठरलेले आहे. त्यांची तुलना करावयाची तर तशाच प्रकृतीच्या, तशाच वयाच्या, दुसऱ्या उद्योगातील कामगारांशी केली पाहिजे. भय आणि निश्चिंती या दोहोंपैकी काय खरे, हे ठरविण्याचा मार्ग नोंद आणि योग्य तुलना हाच आहे.

समुद्राकडे पाहा. सातपाटीचे पापलेट सर्वांस ठाऊक; २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. परंतु पूर्वीसारखे पापलेट मिळत नाही, हे दुःख मुरब्यापासून दांडीपर्यंतच्या कोणत्याही नाखव्यास विचारा. कोणी सांडपाण्यास दोष देतो, कोणी यांत्रिक बोटींस, कोणी लहान पिले उचलणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्यांस. बहुधा अनेक कारणे एकत्र नांदत असतील. पण प्रत्येकाचा वाटा किती, हे कळल्याशिवाय उपाय कोठून आरंभावा?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. एका ज्ञातिसंस्थेने, आपल्या लोकांच्या पोटासाठी, केवढे धैर्य दाखविले! लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि जानेवारी २०२२ मध्ये कारखान्यांवर पर्यावरण-भरपाई बसविली. अशा खटल्यात एक गोष्ट पुनःपुन्हा आडवी येते: शंभर कारखान्यांचे पाणी एकदा एकत्र झाले, की हानीत कोणाचा हिस्सा किती? दोन्ही बाजू आकडे आणतात. त्या आकड्यांना उलट प्रश्न विचारू शकणारी माणसे आपल्यापैकी किती आहेत? वकील आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण वकिलाच्या हाती पुरावा देणारा संख्याशास्त्रज्ञ आपल्या किनाऱ्यावर शोधून सापडत नाही. ती मुलगी जे पद पत्करून गेली आहे, त्याचा अर्थ हा आहे.

आता व्यवहाराचे दोन शब्द, कारण आईबापांच्या मनात तेच असतात. संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेल्यास राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविता येते. २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये अशी ठरविण्यात आली, व घरभाडे वेगळे. ही श्रीमंती नव्हे, पण उपासमारही नव्हे. पुढे अध्यापन आहे, रुग्णालयांतील संशोधन आहे, सरकारी सांख्यिकी सेवा आहे. आणि आपल्या तारापुरात जी औषधे तयार होतात, त्यांसारख्या कोणत्याही नव्या औषधाची माणसांवरील चाचणी संख्याशास्त्रज्ञावाचून पुरी होत नाही. पद मुदतीचे असते, ही गोष्ट खरी. मुदत संपली की दुसरे पद शोधावे लागते, यात घरच्यांची परीक्षा होते. म्हणून अशा मुलांस आपल्या ज्ञातीने टोमणे न देता टेकू द्यावा, एवढीच आमची विनंती.

शेवटी आमच्या चुकीकडे येतो. चूक कबूल केली म्हणजे ती सुधारण्याचेही बोलले पाहिजे. आम्ही त्या मुलीसच विचारले की, गेले ते गेले. आता आम्ही काय करावे? तिने जे सांगितले, ते दोन सूचनांच्या रूपाने कार्यकारी मंडळापुढे ठेवतो.

पहिली सूचना. यापुढे एकही अर्ज रद्दीत जाऊ नये. मंजूर असो वा नामंजूर, प्रत्येक अर्जदारास पाच वर्षांनी पत्र घालून किंवा दूरध्वनी करून त्याची वाटचाल विचारावी. समजा, आपली रेघ ७० गुणांवर आहे. ७१ गुणांचा मुलगा आणि ६९ गुणांचा मुलगा यांच्या बुद्धीत असे काय अंतर असते? दोन गुण हे एखाद्या दिवशीच्या तापाने किंवा चुकलेल्या गाडीने जातात. म्हणजे रेघेच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची मुले सारखीच. फरक एवढाच की एकाला आपण हात दिला आणि दुसऱ्यास दिला नाही. त्यांची पुढील आयुष्ये शेजारी ठेवली, की निधीचे खरे फळ दिसू लागेल. आपली मुले संख्येने थोडी आहेत. एका वर्षात काही कळणार नाही, दहा वर्षांत थोडेफार कळेल. पण आरंभच केला नाही तर शंभर वर्षांतही कळणार नाही.

दुसरी सूचना. जेथे गुण आणि गरज दोन्ही समसमान आहेत आणि पैसा एकासच पुरतो, तेथे आजवर आम्ही कोणाच्या तरी शब्दावर निर्णय दिले, हे लपवीत नाही. तेथे यापुढे सर्वांसमक्ष चिठ्ठी टाकावी. ती अधिक न्याय्य आहे, कारण चिठ्ठी कोणाचा चुलता पाहत नाही. आणि शास्त्रासही हेच हवे असते.

कदाचित् दहा वर्षांनी असे दिसेल की, आपल्या शिष्यवृत्तीने फारसा फरक पडला नाही. त्यापेक्षा रेल्वेचा पास काढून दिला असता किंवा मुलींसाठी मुंबईत राहण्याची सोय केली असती, तर अधिक उपयोग झाला असता. तसे दिसले तर आमच्या अभिमानास धक्का बसेल. बसो. निधीतला पैसा आपल्या मासळीवाल्या, वाडीवाल्या, भाताच्या खाचरात राबणाऱ्या माणसांनी पोटास चिमटा घेऊन दिलेला आहे. तो कोठे फळतो आणि कोठे वाया जातो, हे जाणून घेण्याचे ऋण आपल्या शिरावर आहे.

येत्या अहवालातून आमचे ते जुने वाक्य काढून टाकावे, अशी चिटणिसांस विनंती करतो. त्याऐवजी एवढेच लिहावे: ‘यंदा इतके अर्ज आले, इतके मंजूर झाले, इतके नामंजूर झाले, सर्वांची नोंद ठेवली आहे.’

त्या कन्येस एवढेच सांगतो: मुली, तुझा अर्ज आम्ही नामंजूर केला होता. तरीही तू आमच्यावर राग धरला नाहीस, उलट आमचे डोळे उघडलेस. तुझे संशोधन पुरे होवो, आणि जे शिकशील ते घेऊन कधी तरी या किनाऱ्याकडे परत ये. विचारावयाचे प्रश्न येथे पुष्कळ साठले आहेत.